डायबेटिसच्या रिसर्चसाठी यूकेला येऊ का? कुडाळच्या डॉक्टरला उत्तर

अरे, तुझा प्रश्न थोडक्यात असा ना, की एमबीबीएस झालंय, कुडाळजवळ पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सरकारी सेवेचा बॉन्ड चालू आहे, पेशंटला स्वतःचा डायबेटिस स्वतः सांभाळायला कसं शिकवायचं यात रिसर्च करायचाय, तर यूकेत एमएससी करू की प्लॅब (बाहेरच्या डॉक्टरांना इथे काम करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा) देऊ, आणि एमएससी करता करता एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ट्रेनिंगमध्ये शिरता येईल का. मी मालवणची, आता लेस्टरला डायबेटिसमध्येच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण लोकांचे पैसे तिथेच बुडतात. नाही शिरता येत. एमएससी ही ट्रेनिंगची चोरवाट नाहीये, एजंट काहीही सांगू देत. डॉक्टर म्हणून पेशंटला हात लावायचा तर जीएमसीचं, म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन लागतं आणि त्याचा एमएससीशी काही संबंध नाही: इंटर्नशिप पूर्ण, इंग्रजीची परीक्षा (आयेल्ट्स ॲकॅडमिक असेल तर एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, नाहीतर ओईटी या आरोग्यक्षेत्रासाठीच्या इंग्रजी परीक्षेत सगळीकडे बी), मग प्लॅबचा पहिला पेपर जो भारतातच देता येतो, आणि दुसरा भाग फक्त मँचेस्टरला. आणि हे सगळं करून नोकरी मिळेलच असं आता राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये डॉक्टरांच्या जागांसाठी 'आधी इथला माणूस शोधा' ही अट काढली होती, त्यानंतर काही वर्षं आपली मुलं धडाधड आली, त्यांच्या गोष्टी ऐकून आज कोणी निघू नये. जुलै २०२५ ला इंग्लंडच्या सरकारने आरोग्याचा जो दहा वर्षांचा प्लॅन काढला त्यात ट्रेनिंगच्या जागांसाठी इथेच शिकलेल्या डॉक्टरांना प्राधान्य असं स्पष्ट म्हटलंय. एकेका साध्या जागेला ढिगाने अर्ज येतात. प्लॅब पास होऊन रिकामे बसलेले मराठी डॉक्टर मी बघते, त्यांच्या घरी कोणी सांगत नाही एवढंच.

एमएससीचा हिशोब वेगळा. फी तू बघितलीच असशील, वर विद्यार्थ्याला हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सवर बायकोला आणता येत नाही (पीएचडी किंवा रिसर्चची डिग्री असेल तर येतं), आणि शिक्षणानंतर राहायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष. परत गेलास तर ही एमएससी म्हणजे एमडी नव्हे, हे आईबाबांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर लग्नाच्या बोलणीत 'फॉरेन एमडी' होऊन बसेल.

आता विषयाकडे येते, कारण तुझ्या मेसेजवरून मला वाटलं की तुला खरंच यात रस आहे.

इथे पेशंटला असं शिकवण्याला रीतसर कोर्सचं रूप आहे. टाइप टूसाठी डेस्मंड, जो लेस्टरमध्येच तयार झाला. टाइप वनसाठी डाफ्ने, पाच दिवसांचा, ज्याचं मूळ जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आहे, जेवणातले कार्ब्स मोजून इन्सुलिनचा डोस पेशंटने स्वतः ठरवायचा. डेस्मंडची ट्रायल २००८ मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये आली, २०७ प्रॅक्टिसेस (फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने), ८२४ पेशंट, सगळे नवीन निदान झालेले, एका गटाला सहा तासांचं ग्रुपमधलं शिक्षण, दुसऱ्याला नेहमीचीच ट्रीटमेंट. आता निकाल नीट ऐक. वर्षभराने वजन शिकलेल्या गटाचं जास्त कमी झालं, म्हणजे साधारण तीन किलो विरुद्ध एक किलो नऊशेच्या आसपास, सिगरेट सोडणारे जास्त, डिप्रेशनचा स्कोअर कमी, पण एचबीएवनसीमध्ये (तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. दोन्हीकडे उतरली. आणि २०१२ ला तीन वर्षांचा फॉलोअप आला तेव्हा शरीराच्या आकड्यांमधला फरक गेलेला होता, आपल्या आजाराबद्दल माणूस काय समजतो त्यातला बराचसा फरक मात्र टिकलेला होता.

बरेच जण हे वाचून 'म्हणजे उपयोग नाही' म्हणतात. मला उलट वाटतं, या विषयातला खरा रिसर्च इथूनच सुरू होतो. समज टिकते, मग साखरेत फरक का दिसत नाही? एकदाच शिकवून सोडून दिलं म्हणून? की औषधं दोन्ही गटांना सारखीच चांगली मिळत होती म्हणून? की क्लासला येतात ते मुळातच काळजी घेणारे असतात? हा शेवटचा तर इथला मोठा वैताग आहे, कोर्स फुकट, डॉक्टर पाठवतो, आणि प्रत्यक्ष येणारे फार थोडे. कामाची शिफ्ट, भाषा, लाज, 'मला माहितीये सगळं'. लेस्टरमध्ये गुजराती लोक प्रचंड, त्यांच्यासाठी कोर्स वेगळा बसवावा लागला, नुसतं भाषांतर करून भागलं नाही.

आणि इथेच तुझं कुडाळ कामाला येतं. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या सर्वेक्षणाचे आकडे २०२३ ला आले, देशात डायबेटिस ११.४ टक्के, आणि सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के. बांद्याच्या पलीकडे सुरू होतं ते राज्य, आणि जेवण तर तेच, भात, मासे, नारळ. यूकेच्या स्लाइड्स आपल्याकडे लावून बघ म्हणजे मजा कळेल. पायाच्या काळजीची स्लाइड म्हणते अनवाणी कधीही चालू नका, पाय कोरडे ठेवा. जुलैत लावणीला गुडघाभर चिखलात दिवसभर उभ्या असलेल्या बाईला हे सांगणार? तिला संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पुसायच्या, तळवा आरशात बघायचा किंवा नातवाला बघायला सांगायचा, काटा गेला तर घरी सुईने टोकरायचं नाही, बधिरपणा किती आहे ते लावणीच्या आधीच तपासून घ्यायचं, असं काहीतरी लागेल आणि ते कोणी बसवलेलं मला तरी दिसलेलं नाही. वजनाचंही तसंच. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ ला लॅन्सेटमध्ये स्वतःचे आकडे छापले होते, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, दुसऱ्याच्या २१.२, आणि २१.२ वाले आपले पुण्याचे याज्ञिक. मग 'वजन कमी करा' हा धडा किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या काटकुळ्या रापणकराला कसा शिकवायचा?

भाताचं तर विचारूच नकोस. आपल्याकडे ओपीडीत दोन मिनिटांत 'भात बंद, आंबा बंद, बटाटा बंद' सांगून पुढचा पेशंट, आणि तो बाहेर जाऊन बायकोला विचारतो, "मगे आता खावचा तरी काय?" पेज बंद केली की सकाळी चहा-बिस्किट सुरू होतं, ते कोणी विचारत नाही. मेडिकल कॉलेजात आपण इन्सुलिनचे प्रकार घोकले, पण समोरच्याला आधी काय माहितीये ते विचारून मग सांगायचं, आणि शेवटी 'आता तुम्ही घरी जाऊन काय करणार ते मला सांगा' असं त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, हे कोणी शिकवलं? प्लॅबच्या दुसऱ्या भागात नेमकं हेच तपासतात आणि आपले हुशार लोक तिथेच अडकतात. शिवाय इथे हे कोर्स मुख्यतः नर्स आणि डाएटिशियन चालवतात. आपण डॉक्टर म्हणून मागे खुर्चीवर बसून त्यांच्याकडून शिकायचं असतं, ज्याचा अहंकार दुखेल त्याने या लाइनला येऊ नये, सरळ सांगते.

तर माझं मत असं की आत्ता निघू नकोस. बॉन्ड पूर्ण कर आणि तोवर तिथेच एक छोटं काम उभं कर. पंधरा-वीस पेशंटशी नीट बसून बोल, साखर वाढते म्हणजे त्यांना काय वाटतं, इंजेक्शन लागलं म्हणजे संपलं असं का वाटतं, स्ट्रिप महाग पडतात तर किती वेळा तपासतात, लाइट गेल्यावर इन्सुलिन कुठे ठेवतात. याला क्वालिटेटिव्ह स्टडी म्हणतात, पैसे फारसे लागत नाहीत, वेळ लागतो. पण आधी एथिक्स कमिटीची परवानगी, लेखी संमती, मग रेकॉर्डिंग. ज्या कॉलेजातून एमबीबीएस केलंस तिथल्या कम्युनिटी मेडिसिनच्या कोणालातरी सोबत घे, एकट्याने मोबाइलवर गोळा केलेला डेटा नंतर कुठेच छापता येत नाही. पुढे दोन गट करून शिकवण्याची ट्रायल करायची झाली तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (आपल्याकडची ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी, नंतर नाही. आशाताईंना सुरुवातीपासून घे, कारण तू बदलून जाशील, त्या तिथेच राहणार आहेत. आणि शिमगा-गणपतीत कोणाला बोलावू नकोस, कोणी येणार नाही.

हे हातात असेल तर इथल्या प्राध्यापकाला तू पाठवलेल्या मेलला वजन येतं. 'आय ॲम पॅशनेट अबाउट डायबेटिस' वाले मेल रोज येतात, लावणी आणि पायाच्या जखमांवर स्वतः काम केलेल्याचा येत नाही. मग एमएससी करायची की थेट फंडेड पीएचडी शोधायची हे तेव्हा ठरव, माझा कल पीएचडीकडे आहे, परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी भरणाऱ्या जागा कमी असल्या तरी. पेशंटच बघायचे असतील तर प्लॅबचा विचार वेगळा कर, दोन्ही एका व्हिसात कोंबू नकोस.

एक बारीक गोष्ट, इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात, तुझे १८० म्हणजे इथले १०, आणि एचबीएवनसी ६.५ टक्के म्हणजे ४८, पेपर वाचताना गोंधळशील. आयेल्ट्स आत्ता देऊन टाकू नको, स्कोअर दोनच वर्षं चालतो. प्रोटोकॉलचा कच्चा मसुदा झाला की पाठव, मराठीतच लिहिलास तरी चालेल, रविवारी वाचते मी.