जिरामध्ये (टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच कामाच्या नोंदीवर, दोघांनी काम केलं तर तास कोणाच्या नावावर जातात?

दोघांच्याही, फक्त ज्याने त्याने आपल्या लॉगिनने वर्कलॉग, म्हणजे किती वेळ काम केलं त्याची नोंद, टाकायचा. असाइनी (ज्याच्या नावावर तिकीट असतं तो) एकच असतो म्हणून दुसऱ्याला तास टाकता येत नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नाही, त्या प्रोजेक्टवर काम करायची परमिशन असली की झालं. महापेला आमच्या टीमची टाइमशीट दर शुक्रवारी मीच बघते त्यामुळे हे रोजचंच आहे. दोघं मिळून एक तास बग शोधत बसलात तर दोघांनी एक-एक तास टाकायचा, तिकिटावर बेरीज २ तास दिसेल आणि ती बरोबरच आहे, अर्धा-अर्धा वाटून घेऊ नका. एक मात्र आहे, एस्टिमेट (किती तास लागतील त्याचा अंदाज) तिकिटाला एकच असतं आणि दोघांचे तास त्यातूनच वजा होतात, म्हणजे ८ तासांचं काम दोघांनी ५-५ तास टाकले की ओव्हर दिसणार. माणसागणिक हिशोब हवा असेल तर तिकिटाचे सब-टास्क (छोटे भाग) पाडा. आणि '१ दिवस' टाकलात तर जिरा तो ८ तासांचा धरतं, अ‍ॅडमिनने सेटिंग बदललं नसेल तर. शुक्रवारी ठाणे लोकलमध्ये उभ्याने आठवून आठवून भरणारे इथेच फसतात.