फ्लेमिश चित्रकार रुबेन्सच्या ‘प्रोमिथियस बाउंड’ या चित्रावरून केलेले माझे अभ्यासचित्र मापात अचूक असूनही निर्जीव का दिसते?

चौकटी आखून, पेन्सिलीने, सगळी मापे जुळवून केलेले चित्रसुद्धा मेल्यासारखे दिसते, असे आपण लिहिले आहे. हेच चित्र मी चारकोलमध्ये तीनदा उतरवले असून पहिल्या दोन वेळा माझेही असेच झाले होते, म्हणून अनुभवावरून सांगतो.

चौकटींमुळे कडा जुळतात, भार जुळत नाही. आणि या चित्राचा जीव भारात आहे. अग्नी चोरून माणसांना दिल्याबद्दल कॉकेशस पर्वताच्या कड्यावर जखडलेला ग्रीक पुराणातला प्रोमिथियस येथे डोके खाली, पाय वर असा तिरका कोसळलेला आहे, आणि त्याचे यकृत तोडणारा गरुड सगळे ओझे टाकून त्याच्यावर उभा आहे. गरुडाचा एक पंजा त्याच्या उजव्या डोळ्यात रुतला आहे, दुसरा जांघेत. तिसऱ्या वेळी मी बाह्यरेषा न काढता आधी हे दोन बिंदू पक्के केले, त्यांच्यामधून धडाची तिरकी रेषा एका झटक्यात ओढली आणि मगच बरगड्यांकडे वळलो. तेव्हा कुठे देह त्या पंजांखाली दबलेला दिसू लागला. फोरशॉर्टनिंगमुळे, म्हणजे आपल्या दिशेने झुकलेले अवयव आखूड दिसत असल्यामुळे, छाती आणि चेहरा ओळखीच्या प्रमाणात दिसत नाहीत, आणि तिथे आपला हात नकळत ‘दुरुस्ती’ करतो. तो मोह कटाक्षाने टाळावा.

गरुड रुबेन्सचा नाही. १६१८ मध्ये इंग्लंडचे राजदूत डडली कार्लटन यांना पाठवलेल्या चित्रांच्या यादीत त्याने स्वतःच नमूद केले आहे की, चित्र आपल्या हातचे असून गरुड स्नायडर्सने (प्राणी रंगवण्यात निष्णात असलेला चित्रकार) केला आहे. म्हणून पिसांना आणि स्नायूंना एकाच जातीचे शेडिंग देऊ नये: पिसांवर तुटक, टोकदार रेघा आणि कातडीवर गोलाईने वळणारी, बोटाने किंचित पुसलेली छटा, असा भेद मला उपयोगी पडला.

नक्कल केल्याचा संकोचही आपल्या प्रश्नात जाणवला. तो बाळगू नये. ग्रीक पुराणातला राक्षस टिटियस याचेही यकृत पक्षी तोडतो; त्या टिटियसचे मायकेलँजेलोने १५३२ च्या सुमारास केलेले रेखाटन पाहिले, तर त्यातला आडवा देह रुबेन्सने जणू फिरवून उभा केल्याचे लगेच कळते. रुबेन्सच्या चित्राची छापील प्रत एकदा आडवी धरून पाहा आणि पुढचे रेखाटन तिथूनच सुरू करा.