स्टिरिओ ५० वॅटचा, स्पीकर किती वॅटचे?

प्रश्न : माझ्या गाडीतल्या स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ लिहिलंय. स्पीकरच्या खोक्यावर ‘६० वॅट आरएमएस, कमाल ३०० वॅट’. आवाज वाढवला की चिरका येतो. स्टिरिओ जळेल का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : जळणार नाही. खोक्यावरचा मोठा आकडा विसरा, आरएमएस (म्हणजे सतत पेलता येणारी ताकद) तेवढा बघा. तुमचे ५० वॅटही क्षणभराचेच. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्ट मिळतात. त्याचा वर्ग सुमारे २०७; ४ ओहमच्या स्पीकरसाठी (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) त्याला ओहमच्या दुपटीने, म्हणजे ८ने भागा; येतात जेमतेम २६ वॅट. बाहेरचा अँप्लिफायर (आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा डबा) नसेल तर स्वच्छ आवाजाची ही कमाल हद्द; प्रत्यक्षात १८ ते २० वॅटच धरा. स्पीकर ६० वॅट पेलतो म्हणून बिघडत नाही, तो मिळेल तेवढेच घेतो.

चिरका येतो तो स्टिरिओची ताकद संपल्यामुळे. आवाजाच्या विद्युत लाटेची टोकं कापली जातात आणि आधी ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जातो. आवाज थोडा उतरवा, बास बूस्ट (खर्जाचा आवाज वाढवणारी सोय) बंद करा, हाय-पास (खालचे स्वर अडवणारी गाळणी) ८० हर्ट्झवर ठेवा. पुढे स्पीकर बदललेच, तर वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते) बघा : ३ डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॅट दिल्यासारखं.

एका चॅनलवर (स्टिरिओच्या चार स्पीकर-जोडण्यांपैकी एकीवर) ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडू नका. भार २ ओहमचा होतो, स्टिरिओ तापतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर लवकरच. स्पीकरची उणे वायर बॉडीला लावणं ही तर हमखास स्टिरिओ मारणारी चूक.