उन्हातून आल्यावर चेहरा लाल का होतो?

मे महिन्यातल्या दुपारी म्हापशाच्या बाजारातून घरी परतल्यावर चेहरा लालबुंद का होतो, असे आपण विचारले आहे. लहान धमन्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायूंची वर्तुळाकार वेटोळी असतात. ती आकसली की वाहिनी अरुंद होते, सैलावली की रुंद. उन्हात हायपोथॅलॅमस हा मेंदूतील तापमान सांभाळणारा भाग त्वचेतील वाहिन्या रुंदावतो, त्यामुळे शरीरातील उष्णता रक्ताबरोबर कातडीपर्यंत येऊन बाहेर पडते आणि जास्त रक्त आल्याने गाल तापून लाल दिसतात. खरी गंमत, माझ्या मते, गणितात आहे: रक्ताचा दाब तोच राहिला आणि वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा नव्हे, सुमारे सोळावा हिस्साच उरतो. वाहिनीच्या अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडूनही हे स्नायू सैल करतात. त्याविषयीच्या शोधांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.