‘ग्लिफ्लोझिन’मधला ‘झ’

एका वाचकाने विचारलं आहे : ‘मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनला साखर गाळणारं औषध म्हणावं का? आणि त्यातलं ग्लिफ्लोझिन म्हणजे काय?’

म्हणू नये. आरोग्य-पुरवण्यांतलं हे ‘गाळणं’ वाचून वीट आला आहे. साखर गाळतं ते मूत्रपिंड, आणि ते औषध न घेणाऱ्याचंही गाळतं, दिवसाला साधारण १८० ग्रॅम. पुढे मूत्रपिंडाच्या नलिकेतलं एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन त्यातली बहुतेक साखर सोडियमच्या जोडीने पुन्हा आत ओढून घेतं. औषध या ओढून घेण्याला आडवं येतं, म्हणून साखर लघवीतून जाते. ‘गळणे’चं प्रयोजक रूप ‘गाळणे’. कर्ता बदलला की विज्ञानही चुकतं.

आता खरी गंमत. ‘फ्लोझिन’चा संबंध प्रवाहाच्या ‘फ्लो’शी जोडणारे भेटतात, ठासून सांगतात. साफ चूक. हा तुकडा ‘फ्लोरिझिन’मधून आला आहे आणि फ्लोरिझिनचं स्पेलिंग एफने नव्हे, पीएचने सुरू होतं. ग्रीक ‘फ्लोइऑस’ म्हणजे साल, ‘ऱ्हिझा’ म्हणजे मूळ. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून हे कडू द्रव्य वेगळं केलं गेलं. तापावर देत त्या सिंकोनाच्या सालीसारखं कडू, तेव्हा हेही तापावर चालेल अशी आशा होती. १८८६मध्ये जर्मन वैद्य फॉन मेरिंग यांनी दाखवलं की ते दिल्यावर लघवीत साखर उतरते.

आपल्याकडे मुळाच्या सालीला तयार शब्द आहे : मूलत्वक्. बेलाच्या मुळाची साल दशमुळांत असतेच. कडू रस मुळाच्या सालीत दाटतो हे दोन्हीकडच्या वैद्यांनी जिभेने ओळखलं असावं, असं माझं ठाम मत आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी ‘मूलत्वक्’ सोडून लांबलचक जोडशब्द का पत्करावेत, ते मला पटत नाही.

मूळ फ्लोरिझिन गोळी म्हणून टिकलं नाही. त्यातली साखर ऑक्सिजनमार्फत जोडलेली, म्हणून आतड्यातली विकरं (एन्झाइम्स) ती तोडतात. शिवाय ते आतड्यातल्या एसजीएलटी-१ या साखर ओढणाऱ्या दुसऱ्या प्रथिनालाही अडवतं. डापाग्लिफ्लोझिनमध्ये साखर थेट कार्बनला जोडली, तो बंध विकरांना दाद देत नाही. हे औषध प्रयोगशाळेत घडतं, पण नावात साल आणि मूळ दोन्ही राहिले आहेत.

म्हणून ‘ग्लिफ्लोसिन’ लिहू नका. तो ‘झ’ थेट ‘ऱ्हिझा’तला आहे.