आर्म, लिनक्स आणि दशांश आकडे : वाचकांची प्रश्नोत्तरे

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि द्राक्षबागांसाठी हवामान-यंत्रे बनवणाऱ्यांकडून एकाच गोंधळाची, म्हणजे आर्म प्रोसेसरच्या लिनक्स बोर्डांवर दशांश आकडे हाताळण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींबद्दलची, पत्रे येत असल्यामुळे ही उत्तरे एकत्र देत आहे.

डेबियन या लिनक्स वितरणाची आर्मएचएफ (हार्ड-फ्लोट) आवृत्ती पहिल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर चालेल का? (नाशिकरोड)

नाही, तिला आर्मव्ही7 पिढीचा प्रोसेसर लागतो आणि तो बोर्ड आधीच्या आर्मव्ही6 पिढीचा आहे.

प्रोग्रामची फाइल समोर असूनही 'अशी फाइल नाही' असा संदेश का येतो? (अंबड)

बहुधा प्रोग्रामला हवा असलेला लोडर (प्रोग्राम मेमरीत चढवून सुरू करणारी फाइल) सापडत नसतो. आर्मईएल (सॉफ्ट-फ्लोट आवृत्ती) आणि आर्मएचएफ यांचे लोडर वेगळ्या नावांचे आहेत. कोणता मागितला आहे ते 'रीडएल्फ' ही आज्ञा दाखवते. एका लोडरच्या नावाने दुसऱ्याची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे नाव) करू नका.

सेन्सर-विक्रेत्याची लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) 'सर्व आर्म बोर्डांवर चालते' म्हणतात, पण ती प्रोग्रामला जोडणारा लिंकर नकार देतो. त्याची तपासणी बंद करू का? (निफाड)

मुळीच करू नका. बोर्डात दशांश गणिताचे एकक आहे एवढ्यावर सुसंगती ठरत नाही. फंक्शनला दशांश आकडा कुठून पोहोचवायचा, यावर ती ठरते. हार्ड-फ्लोट संकेतात तो व्हीएफपीच्या, म्हणजे त्या दशांश एककाच्या, रजिस्टरांतून (प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागांतून) जातो, तर सॉफ्ट आणि सॉफ्टएफपी संकेतांत साध्या पूर्णांक रजिस्टरांतून, मग आत व्हीएफपी वापरलेले असो वा नसो. तपासणी बंद केल्यास प्रोग्राम चालू होईल, पूर्णांक बरोबर येतील, आणि तापमान मात्र भलत्याच रजिस्टरातून वाचले जाईल. तक्रारीचा एकही संदेश न येता. 'प्रिंटएफने आकडा बरोबर छापला' हा पुरावा तर ग्राह्यच नाही, कारण प्रिंटएफसारखी, कधी कमी कधी जास्त आर्ग्युमेंट (पुरवलेली मूल्ये) घेणारी फंक्शने हार्ड-फ्लोटमध्येही पूर्णांक रजिस्टरांचाच मार्ग वापरतात. अशा आकड्यावर औषधफवारणी ठरणार असेल तर नुकसान बागायतदाराचे होते, विक्रेत्याचे नव्हे. सोर्स (मूळ कोड) न देता 'सर्व बोर्ड' असे छापणे ही दिशाभूल आहे. आर्मएचएफसाठी बांधलेली प्रत लेखी मागा, आणि ती मिळेपर्यंत यंत्र बागेत लावू नका. जाणकार एम्बेडेड अभियंत्याकडून लायब्ररी तपासून घ्या.

64-बिट बोर्ड घेतल्यास ही कटकट संपेल का? (सिन्नर)

लिनक्सच्या नेहमीच्या 64-बिट वितरणांत हार्ड-फ्लोट आणि सॉफ्ट-फ्लोट अशी फूट नाही. तथापि 32-बिट लायब्ररी 64-बिट प्रोग्रामला जोडता येत नाही, त्यामुळे खरेदीपूर्वी प्रत्येक बंदिस्त लायब्ररीच्या 64-बिट प्रतीबद्दल निर्मात्याला विचारा.