बिग बँग हा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा पुरावा मानता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलंय, घर ख्रिस्ती आहे. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की बिग बँगमुळे, म्हणजे विश्व अतिशय दाट, तप्त अवस्थेतून प्रसरण पावत आलं या सिद्धांतामुळे, बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातलं ‘प्रकाश होवो’ हे वचन विज्ञानाने सिद्ध झालं. वर्गातले मित्र यावर हसतात. मग कोणाचं धरायचं?

मीही ख्रिस्ती आहे आणि ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. माझ्या मते तो पुरावा नाही, आणि त्यावर हसण्यासारखंही काही नाही. ‘पुरावा म्हणू नका’ असं ज्यांनी सगळ्यांत ठामपणे बजावलं, ते स्वतः धर्मगुरू होते.

जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, १९२३ मध्ये त्यांना कॅथलिक पुरोहितपदाची दीक्षा मिळाली, मग केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून त्यांनी १९२७ मध्ये मांडलं की विश्व प्रसरण पावतंय आणि दीर्घिकांच्या प्रकाशातली रेडशिफ्ट (तरंगलांबी वाढून प्रकाश लाल रंगाकडे सरकणं) त्यातूनच येते. विश्वप्रसरणाच्या संदर्भात ज्याचं नाव नेहमी घेतलं जातं, त्या खगोलशास्त्रज्ञ हबलचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर दोन वर्षांनी आला. त्याच १९२७ साली ब्रसेल्सला भेट झाली तेव्हा आइन्स्टाइन त्यांना म्हणाले होते की गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे. १९३१ मध्ये ‘नेचर’मध्ये लमेत्र यांचं एक पानभरसुद्धा नसलेलं टिपण आलं: विश्वाची सुरुवात एकाच आदिकणातून झाली असावी. बिग बँगची कल्पना ती हीच.

विरोधकांना यात बायबलचा वास आला. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल निरीश्वरवादी. ‘बिग बँग’ हे नाव १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलताना त्यांच्याच तोंडून आलं. त्यांचं स्थिर विश्व १९४८ पासून मैदानात होतं: आदी नाही, अंत नाही, नवं द्रव्य तयार होत राहतं. आपले जयंत नारळीकर हॉईल यांचेच विद्यार्थी. ते शेवटपर्यंत बिग बँगला शंका विचारत राहिले, हे मराठी वाचकांना सांगायला नको.

दुसऱ्या बाजूने पोप बारावे पायस १९५१ मध्ये म्हणाले की विज्ञान आता त्या आदिम ‘प्रकाश होवो’ची साक्ष देतंय. म्हणजे तुमच्या पाळकसाहेबांचंच वाक्य. लमेत्र यांना ते अजिबात रुचलं नाही. पुढच्या वर्षी पोप रोमच्या परिषदेला आलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले, तेव्हा तो दावा त्यात नव्हता. १९५८ मध्ये लमेत्र यांनी स्पष्ट सांगितलं की त्यांचा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेर आहे आणि जडवाद्याला (द्रव्याखेरीज काही नाही असं मानणाऱ्याला) देव नाकारायला तो पूर्ण मोकळीक देतो. धर्मगुरूने हे म्हणावं, हे मला फार भारी वाटतं.

ते बरोबर का होते, हे तुमच्याच अभ्यासक्रमातून दिसेल. सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं. साधारण ३,८०,००० वर्षांनी ते इतकं थंड झालं की प्रकाश मोकळा फिरू लागला. तोच आज २.७ केल्विनचं सूक्ष्मलहरी प्रारण होऊन सगळ्या दिशांनी येतो. इथवर भक्कम मोजमापं आहेत. पण घड्याळ अगदी मागे, प्लांक काळाच्या (सेकंदाच्या कल्पनेपलीकडे लहान अंशाच्या) आत नेलं की सामान्य सापेक्षता, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत, हात टेकते. ‘शून्यातून झालं’ असं कुठलंच पडताळलेलं समीकरण म्हणत नाही.

आणि मोकळा झालेला प्रकाश उत्पत्ती १:३ ला, म्हणजे ‘प्रकाश होवो’ला जोडायचाच असेल, तर त्याच अध्यायात तिसऱ्या दिवशी झाडं आणि चौथ्या दिवशी सूर्य येतो, त्याचं काय करणार? सोयीची ओळ घ्यायची आणि अडचणीची सोडायची, हे ना प्रयोगशाळेत चालतं ना वचनाच्या अभ्यासात.

शिवाय समजा हॉईल-नारळीकर जिंकले असते, तर काय आपण देवळात जाणं बंद केलं असतं? तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी यावर विचार करून ठेवलाय. विश्वाला सुरुवात होती हे ते श्रद्धेने मानत, पण तर्काने ते सिद्ध करता येत नाही असंही सांगत. विश्व अनादी असतं तरी ते या क्षणी आहे, ते देवाने धरून ठेवल्यामुळेच. निर्मिती म्हणजे हे टिकवून धरणं. पहिल्या सेकंदात काय घडलं हा वेगळा प्रश्न, आणि तो फिजिक्सचा. माझी श्रद्धा यावर उभी आहे. त्यामुळे उद्या कोणी बिग बँगच्या आधीचं विश्व शोधून काढलं, तर मी ते उत्सुकतेने वाचेन, घाबरून नाही.

मित्रांना मात्र एक गोष्ट सांगाच. १९३१ च्या त्या टिपणाच्या टंकलिखितात शेवटी आणखी एक परिच्छेद होता. देव मुळातच गुप्त आहे असं मानणाऱ्याला, भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा टाकतं हे पाहून आनंदच वाटेल, अशा आशयाचा. ‘गुप्त राहणारा देव’ ही बायबलमधल्या यशया संदेष्ट्याची भाषा. लमेत्र यांनी तो छापायच्या आधी खोडला. विश्वास होताच, पण ‘नेचर’मध्ये त्याची जागा नव्हती.

पाळकसाहेबांशी बोलायचं तर उपासना संपल्यावर एकटे गाठा, सगळ्यांसमोर नको. आणि सुरुवात पोपपासून करू नका. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळीत चर्चा लगेच भलतीकडे जाते. तिसऱ्या दिवसाच्या झाडांपासून करा, तो अध्याय त्यांना तोंडपाठ असेल.